जुन्या ट्रॅक्टरच्या एंजिनातील ठोका व त्याचे निदान

मृगाच्या तोंडावर जुना ट्रॅक्टर ठोकू लागला की, मालकाच्या हातून दोहोंपैकी एक चूक घडते. एक तर मेस्त्रीच्या सांगण्यावरून तो संपूर्ण एंजिन उतरवून पिस्टन, लायनर व बेअरिंगे नवी बसवितो. किंवा जाड तेल ओतून आवाज दबला म्हणजे दोष गेला, अशी समजूत करून घेऊन काम पुढे रेटतो. पहिल्या चुकीत पैसा जातो, दुसरीत एंजिन जाते. हजारो तास चाललेल्या एंजिनातील प्रत्येक ठोका झिजेचाच असतो, हे आम्हांस मान्य नाही. एंजिन उघडण्यापूर्वी निदानासाठी एक तास खर्च करण्याचा आग्रह मालकानेच धरला पाहिजे.

आवाज केव्हा येतो, हे प्रथम पाहावे. थंड एंजिनात खडखडणारा व तापल्यावर मावळणारा आवाज बहुधा सैल झालेल्या पिस्टनचा असतो. त्यावर लक्ष ठेवून पुष्कळदा हंगाम निभावता येतो. हलकी, एकसारखी टिकटिक टॅपेटची असते. फीलर गेज लावून अंतर जमविले की काम भागते. परंतु भार पडताच वाढणारा जड ठोका, आणि जोडीला एंजिन तापल्यावर उतरलेला तेलाचा दाब, ही बेअरिंगची खूण होय. तेथे चालढकल नको. एंजिन तत्काळ बंद करावे. तेल काढून पाहिल्यास त्यात बहुधा धातूचे चकाकणारे कण आढळतात.

खरा घोटाळा होतो तो डिझेलच्या ठोक्याबाबत. नोझल ठिबकू लागले, अथवा पंपाचे टायमिंग वाजवीपेक्षा पुढे गेले, तर पेटण्यापूर्वीच सिलिंडरात साचलेले डिझेल एकदम भडकते आणि हातोडीचा घाव बसावा तसा आवाज येतो. ऐकणारास तो बेअरिंगचाच वाटतो. डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ असली तरीही असा आवाज येऊ शकतो.

यावर जुना उपाय आहे. एंजिन मंद गतीने चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट फडके धरून किंचित सैल करावा व पुन्हा आवळावा. ज्या सिलिंडरचे डिझेल तोडताच ठोका कमी होतो, दोष त्याच सिलिंडरात असतो. मग एंजिन बंद करून त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरात बसवावे. ठोका नोझलबरोबर सरकला तर दोष नोझलचा. जागचा हलला नाही तर पिस्टनचा किंवा बेअरिंगचा. ठोका सर्वच सिलिंडरांत असेल तर टायमिंग तपासावे. हात फवाऱ्यासमोर मुळीच नेऊ नये. दाबाखालील डिझेल कातडीत शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या एंजिनांवर हा प्रयोग कदापि करू नये.

एवढी साधी तपासणी गावोगाव का होत नाही? आमच्या मते याचे एक कारण असे की, नोझल तपासण्याचा हातपंप तालुक्याच्या गावीच असतो, आणि पेरणीच्या घाईत तेथवर जाण्यास कोणास सवड नसते. अवजार बँका चालविणाऱ्या गटांनी आणखी एक नांगर घेण्याऐवजी असा एक हातपंप घ्यावा, आणि गावातील एखाद्या होतकरू तरुणास तो वापरण्यास शिकवावे.