माऊस बाजूला ठेवा, मग बोलू!

एक गंमत करून बघा. माऊस बाजूला ठेवा, टचपॅडला हात लावायचा नाही. कॉलेज प्रोजेक्टसाठी तुम्ही बनवलेली वेबसाइट उघडा आणि फक्त टॅब दाबत ‘सबमिट’पर्यंत पोहोचा. टॅब दाबला, पुन्हा दाबला... आता नेमके कुठल्या बटणावर आहात? काहीच कळत नाही ना?

कसं कळणार? ती खूण तुम्हीच पुसलीय. टॅबने जिथे पोहोचतो, त्या लिंकभोवती किंवा बटणाभोवती ब्राउझर आपणहून एक चौकट काढतो. आपल्याला वाटतं, हिने डिझाइनची वाट लावली. मग सीएसएसमध्ये ‘आउटलाइन: नन’ ही एक ओळ टाकली की झालं पेज चकाचक!

ही सवय जुनीच. एरिक मेयर यांच्या गाजलेल्या ‘रीसेट’ सीएसएसमध्ये ही चौकट काढणारी ओळ होती. पण तुमची स्वतःची फोकस स्टाइल द्यायला विसरू नका, अशी सूचनाही शेजारीच होती. लोकांनी ओळ उचलली, सूचना सोडून दिली. शेवटी २०११ च्या नव्या आवृत्तीत मेयर यांनी ती ओळच वगळली. आपण मात्र अजून ती कॉपी-पेस्ट करतोय.

ज्याचा हात थरथरतो, ज्याला माऊस धरताच येत नाही, त्याच्यासाठी ती चौकट म्हणजेच माऊसचा बाण. तुमच्या स्क्रीनवरचा बाण गायब केला आणि म्हटलं, ‘भर आता परीक्षेचा फॉर्म, आज शेवटची तारीख आहे,’ तर? ‘सबमिट’ समजून एंटर दाबलं आणि ते ‘रद्द करा’ निघालं तर?

‘पण माऊसने क्लिक केलं तरी चौकट येते, ती घाण दिसते,’ असं म्हणाल. मान्य! त्यासाठीच ‘फोकस-व्हिजिबल’ आहे. त्यात स्टाइल लिहिली की बटणावरची चौकट कीबोर्डने फिरणाऱ्याला दिसते, क्लिक करणाऱ्याला सहसा नाही. क्रोम, फायरफॉक्समध्ये ते आधीच होतं, २०२२ मध्ये सफारीतही आलं. रंग तुमचा, जाडी तुमची. मग सबब कसली?

कीबोर्डचा फोकस दिसलाच पाहिजे, हे वेबच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत २००८ पासून लिहिलेलं आहे. पण नियम राहू द्या. पुढच्या सबमिशनला सरांना साइट दाखवण्याआधी ती एकदा नुसत्या टॅबवर चालवून बघा. तुम्हीच अडकलात, तर ती अजून पूर्ण झालेली नाही.