बाळंतपणाला अमेरिकेला जाताय?

हल्ली अमरावतीत कुठल्याही हळदीकुंकवाला जा, बसलेल्यांत एक तरी नुकतीच अमेरिकेहून आलेली असते, नाहीतर निघालेली तरी. लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण! पाच-पाच महिने राहून आलेल्या बाईला विचारावं, "काय काय पाहिलंत?" तर उत्तर ठरलेलं : "काय पाह्यलं वं माय, घर अन् पोट्टं!" मग आठवल्यासारखं, "हो, नायगारा पाह्यला. जावयानं दोन दिवस नेलं होतं."

मैत्रिणींनो, धबधबे आपल्या चिखलदऱ्यालाही आहेत. एवढा समुद्र ओलांडून गेल्यावर पाहायची ती माणसं. आणि बाळंतपणाला गेलेल्या बाईला ती जितक्या जवळून पाहता येतात, तितकी आठ दिवसांच्या सहलीला गेलेलीला दिसायची नाहीत. म्हणून म्हणते, लेकीचं सगळं मनापासून करा, पण दिवसातले दोन तास स्वतःसाठी मागून घ्या. त्यात संकोच कसला?

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या. वय अठरा, यजमान सोबत नाहीत, कलकत्त्याहून बोट निघाली ती जवळजवळ दोन महिन्यांनी न्यूयॉर्कला लागली. रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात ठेवून घेतलं, मावशीची माया दिली. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय कोणता, तर प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र! म्हणजे बाळंतपणाचंच गाठोडं घेऊन त्याही गेल्या होत्या म्हणा ना. त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई गेल्या, तिकडेच राहून देशभर हिंडल्या आणि तिथली घरं, बायका, चालीरीती यांवर १८८९ मध्ये मराठीत मोठं पुस्तक लिहिलं. या बायकांनी डोळे उघडे ठेवले. आपण तर विमानानं एका दिवसात पोहोचतो.

पहिला धक्का दवाखान्यातच बसतो. बाळंतिणीच्या हातात बर्फाचं पाणी! आपला जीव खालीवर. पण तिथे ती रीतच आहे, नर्सशी भांडू नका. साधं बाळंतपण असेल तर दोन दिवसांत घरी पाठवतात, आणि मोटारीत बाळाची वेगळी खुर्ची बसवलेली लागते. मांडीवर घेऊन बसायचं नाही, कायदा आहे.

घरी आल्यावर खरी जुगलबंदी. तिथले डॉक्टर सांगतात, बाळ उताणंच निजवा, आईबापांच्या खोलीत पण वेगळ्या पाळण्यात. उशी नको, दुपटी-गोधड्यांचा ढीग नको. आपण नातवासाठी जुन्या साड्यांची मऊ गोधडी शिवून नेलेली! वाईट वाटतं, मान्य आहे. पण १९९२ पासून हा सल्ला सुरू झाला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या तिथे निम्म्यावर आली. गोधडी खाली जमिनीवर अंथरा, जागेपणी बाळ त्यावर खेळेल. मधाचं बोटही वर्षभर नाही. मधातल्या जंतूंनी तान्ह्याला घातक विषबाधा होऊ शकते. या दोन बाबतींत मी सरळ त्यांच्या बाजूनं आहे. शेकशेगडी, धुरी यांचाही नाद सोडा. घरं लाकडाची, छताला धुराची घंटा, ती जिऱ्याच्या फोडणीनंसुद्धा कोकलते. मालिश मात्र डॉक्टरांना विचारून खुशाल करा. डिंकाचे, मेथीचे लाडूही चालू द्या.

आणि सुनेला तीन महिन्यांत नोकरीवर धावताना पाहून "आजकालच्या मुलींना माया नाही" असं म्हणू नका हं! आपल्याकडे २०१७ पासून कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. तिकडे देशभराचा कायदा १९९३ चा, त्यात १२ आठवडे, तीही बिनपगारी, आणि सगळ्यांना लागू नाही. काही राज्यं आणि कंपन्या जास्त देतात, पण ज्याचं त्याचं नशीब. म्हणून तर आपल्याला बोलावणं येतं.

आता ते दोन तास. बाळाला ढकलगाडीत घालून बाहेर पडा. तान्हं पोर सोबत असलं की अनोळखी बाईही थांबून हसते, वय विचारते. "टू मंथ्स" एवढं इंग्रजी पुरतं. शेजारी ओळख झाली की वाटीभर काही द्या. आपले सरगुंडे काडीवर वळतात ना, तशीच लोखंडी काडीवर वळलेली शेवयांसारखी खीर नव्हे, तिखटमिठाची फुसिल्ली दक्षिण इटलीतल्या बायका करतात. मेक्सिकन दुकानात मक्याची पोळी थापून तव्यावर टाकताना पाहाल, तर आपली भाकरीच आठवेल. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात तान्ह्यांसाठी फुकट गोष्टी-गाण्यांचा तास असतो. तिथे चिनी, मेक्सिकन आज्याही नातवंडं घेऊन येतात, आणि त्यांचं इंग्रजी आपल्यासारखंच असतं. पुष्कळ वाचनालयांत इंग्रजी बोलण्याचे मोफत वर्गही चालतात.

थोडं तयारीचं. पासपोर्टवर असेल तेच नाव तिकिटावर हवं; लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असं नाही. बी.पी., शुगर असेल तर विम्याच्या कागदात जुन्या दुखण्यांबद्दल काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या, तिथे डॉक्टरची पायरी फार महाग. गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. ताजी फळं, भाज्या, बियाणं, मटण नेऊ नका, आणि लाडू-पापड आहेत का असं विमानतळावर विचारलं तर सरळ हो म्हणा.

फिरायला निघताना घराचा पत्ता आणि लेकीचा नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.