मनाच्या वैद्याची भाषा

शालान्त परीक्षा जवळ आली की घरोघरी पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. डॉक्टर, अभियंता, शिक्षक ही नावे वारंवार कानी पडतात. मनाच्या विकारांची चिकित्सा करणारे शास्त्र शिकावे, असे मात्र आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात क्वचितच कोणी म्हणतो. ही उपेक्षा आता संपली पाहिजे.

मनाचा आजार दुर्मिळ नव्हे. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ साली मध्यप्रदेशासह बारा राज्यांत पाहणी केली. तीत शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जण मनोविकाराने पीडित आढळले. त्यांपैकी बहुतेकांना उपचार लाभलेला नव्हता. हे आकडे दूरचे वाटत असतील, तर जामसावळीला मारुतिरायाच्या दर्शनास जावे. मनाने खचलेल्या आप्ताला घेऊन आलेली कुटुंबे तेथे दिसतात. त्यांच्या श्रद्धेची टवाळी करणे हे सुशिक्षितपणाचे लक्षण नव्हे. श्रद्धेने धीर मिळतो. परंतु तापलेल्या मुलाला अंगारा लावून आपण डॉक्टरकडेही नेतोच. मग मनाच्या दुखण्याला हाच न्याय का नसावा? शरीराच्या व मनाच्या रोग्यांना समान वागणूक मिळावी, हे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मान्य केले आहे.

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकशास्त्राचा पदवीधर असून तो औषधे देतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, रोग्याशी पद्धतशीर संभाषण करतो आणि त्याच्या विचारांतील व वर्तनातील गाठी सोडविण्यास त्याला साहाय्य करतो. अमेरिकेत आल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास सुरू केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच जातीची. यासाठी मानसशास्त्राचे उच्च शिक्षण, रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते.

हे काम आपल्या भागातील मुलांनी करावे, असे मी आग्रहाने म्हणतो, त्याला कारण आहे. शल्यवैद्याच्या हाती शस्त्र असते, या वैद्याजवळ भाषा. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. तेव्हापासून कचेरीची भाषा हिंदी आणि घरची मराठी. एखादी माउली "मले करमत नाही" म्हणते, तेव्हा त्या एका शब्दात उदासी, एकटेपण आणि जगण्याची उडालेली गोडी सारे सामावलेले असते. "छातीवर धोंडा ठेवल्यावानी वाटते" असे सांगणाऱ्या शेतकऱ्याची छाती तपासावीच. पण तीत दोष न आढळल्यास तो धोंडा कसला, हे त्याच्याच बोलीत विचारणारा कोणी हवा. माझी मातृभाषा कोंकणी. इतकी वर्षे मराठीत शिकवीत असूनही खोलवरचे दुःख मला कोंकणीतच बोलता येते. दुभाष्यामार्फत औषध सांगता येईल. मन मोकळे करता येत नाही.

तोवर कोणी निराशेने ग्रासला असेल, तर १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर मराठीतही विनामूल्य साहाय्य मिळते, हे लक्षात ठेवा. परंतु दूरध्वनीवरचा आवाज गावातल्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. आपल्यापैकी दोघा-चौघांनी जरी ही विद्या संपादून परत यावयाचे ठरविले, तरी या सीमाभागातील कित्येक मुकी दुःखे बोलू लागतील. "वेड्यांचा डॉक्टर" म्हणून कोणी हसले, तर हसू द्यावे. उद्या आपल्या घरचे दुःख घेऊन तेही त्याच दारी येतील.