पोथी नाकारली, मग फॉरवर्ड का मानता?

आज 10 मार्च, क्रांतिज्योती सावित्रीमाईंचा स्मृतिदिन. 1897 च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन डॉ. यशवंतच्या दवाखान्यात पोहोचवले आणि त्याच साथीत स्वतःचा प्राण दिला. आज आपल्या ग्रुपवर माईंना अभिवादनाचे फोटो आहेत आणि त्यांच्याच खाली कोरोना 'मुळासकट' घालवणाऱ्या गोळ्या-काढ्यांचे मेसेज! माईंनी पेशंटला दवाखान्यात नेले. आपण त्याला दवाखान्यापासून लांब ठेवतोय.

मित्रांनो, कोरोनिलचेच घ्या. जून 2020 मध्ये पतंजलीने ते कोरोनावरचे औषध म्हणून आणले, तेव्हा आयुष मंत्रालयाला जाहिरात थांबवायला सांगावे लागले. तरी 19 फेब्रुवारी 2021 ला तेच पुन्हा वाजतगाजत आले. मंचावर कोण? केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन आणि नितीन गडकरी! जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणपत्राचा गाजावाजा झाला. कोरोनावरच्या कोणत्याही पारंपरिक औषधाला आम्ही प्रमाणित केलेले नाही, असे संघटनेने लगेच स्पष्ट केले. योग्य प्रमाणपत्राशिवाय महाराष्ट्रात विक्री होऊ देणार नाही, असे गृहमंत्री अनिल देशमुखांनी सांगितले. जाहिरात तुम्ही फॉरवर्ड केलीत. हा खुलासा किती जणांनी केला?

काही जण म्हणतील, खासगी दवाखाने लुटतात, गरिबाने काढा घेतला तर बिघडले कुठे? लुटतात, हे खरेच. पण 2020 मध्ये त्या किटची जाहीर किंमत होती 545 रुपये आणि रोजगार हमीची मजुरी दिवसाला 238. दोन दिवसांच्या घामापेक्षा जास्त पैसा गेला कुणाच्या खिशात? पैशापेक्षा मोठे नुकसान वेळेचे. गोळ्यांच्या भरवशावर घरी बसलेल्या माणसाचा ऑक्सिजन गुपचूप उतरत जातो. मग दुसरबीडहून बुलढाणा गाठेपर्यंत उशीर झालेला असतो. श्रीमंताला काढाही परवडतो आणि आयसीयूही. आपल्या शेतमजुराला एकच संधी असते.

हा आयुर्वेदाला विरोध नाही. औषध कोणतेही असो, प्रश्न तेच: किती पेशंटवर तपासले? कशाशी तुलना केली? निष्कर्ष कुठे छापले? हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन तर अ‍ॅलोपॅथीचेच. चाचणीत दाखल रुग्णांना फायदा दिसला नाही, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्येच ती चाचणी बंद केली.

परंपरेने आले म्हणून, मोठा माणूस म्हणाला म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. बाबासाहेबांनी आपल्याला त्या बुद्धाकडे नेले. पोथीचे प्रामाण्य नाकारणारे आपण आता व्हॉट्सअ‍ॅपचे प्रामाण्य मानायचे?

1 मार्च 2021 पासून साठीवरच्यांना आणि पंचेचाळीशीवरच्या आजारी माणसांना सरकारी केंद्रात लस मोफत होती. मेसेज थांबवा, आजी-आजोबांना दवाखान्यात घेऊन जा. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर, तपासणी, ऑक्सिजन आहे का, ते ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना लेखी विचारा. ज्या सरकारचे मंत्री गोळ्यांच्या मंचावर बसले, त्याला आपण दवाखान्याचा हिशेब मागायचा आहे. माईंना खरे अभिवादन तेच.

जयभीम! जय सावित्री!

दुसरबीड, ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा
10 मार्च 2021