सुगीच्या दिवसांतील हवामानाचा अंदाज

माघ सरून फाल्गुन लागला की महाराष्ट्रातील शेतकऱ्याचे वर्षाचे धन उघड्यावर येते. गहू पिवळा पडलेला असतो. हरभरा उपटून त्याचे ढीग शेतात रचलेले असतात. शाळूची कणसे खळ्यावर येतात. नाशिक भागात द्राक्षे उतरणीस आलेली असतात, तासगावकडे बेदाणा शेडवर सुकत असतो, वसमतकडे शिजविलेली हळद उन्हात पसरलेली असते. विदर्भात संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे नुकती धरलेली असतात, तर कोकणात कैरी सुपारीएवढी झालेली असते. मृगात ज्या पावसाकडे सारा गाव डोळे लावून बसतो, तोच पाऊस या दिवसांत दोन घटका आला तरी हाती आलेले पीक मातीमोल होते.

ही भीती काल्पनिक नव्हे. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, मध्य व उत्तर महाराष्ट्रात वारंवार गारपीट झाली आणि रब्बी पिके व फळबागा यांची अपरिमित हानी झाली. २०२३ च्या मार्च व एप्रिल महिन्यांतही अवकाळी पाऊस व गारा यांनी अनेक जिल्ह्यांतील काढणीस आलेली पिके झोपविली. या पावसाची कारणे आता पुष्कळशी उलगडली आहेत. या दिवसांत जमीन तापते; अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांच्याकडून येणारे दमट वारे राज्यावर एकत्र येतात; आणि त्याच वेळी उत्तरेकडील पश्चिमी विक्षोभांमुळे वरच्या थरात थंड वारे उतरतात. खाली उष्ण व दमट, वर थंड, अशी स्थिती झाली की दुपारनंतर उंचच उंच ढग उभे राहतात व गारा पडतात. म्हणूनच हे संकट बहुधा दुपारी वा सायंकाळी येते.

अशा संकटाची पूर्वसूचना मिळावी, हा प्रयत्न आपल्याकडे जुना आहे. भारतीय हवामान खात्याने १९३२ साली पुणे येथे कृषी हवामान विभाग सुरू केला व डॉ. एल. ए. रामदास यांनी त्याचा पाया घातला. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी खास हवामान पत्रिका निघू लागली. आज जिल्हावार कृषी सल्ला पत्रिका दर मंगळवारी व शुक्रवारी निघते आणि तीत पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. २०१९ पासून ‘मेघदूत’ या ॲपद्वारे हा सल्ला मोबाइलवर मिळू लागला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामपंचायत पातळीवरील अंदाजासही प्रारंभ झाला. तेव्हा अंदाज मिळत नाही, ही तक्रार आता फारशी उरलेली नाही. उणीव आहे ती दुसरीच. अंदाज गावापर्यंत येतो, परंतु त्याचा निर्णय होत नाही. तो मोबाइलवरून पुढे पाठविला जातो, त्यावर पारावर चर्चा होते, आणि हरभऱ्याचा ढीग आहे तेथेच राहतो.

याचे पहिले कारण शब्दांचे आहे. पत्रिकेत ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ असे असते. त्याचा ठराविक अर्थ असा की, त्या प्रदेशातील फार तर शेकडा २५ केंद्रांवर पाऊस होईल. ‘काही ठिकाणी’ म्हणजे शेकडा २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. हे ध्यानात घेतले म्हणजे तुरळक पावसाचा अंदाज असता चारांपैकी तीन गावे कोरडी राहणे हे अंदाज चुकल्याचे लक्षण नव्हे, हे उमगते. तथापि त्या तीन गावांतील लोक अंदाजास खोटा ठरवितात व पुढच्या खेपेस तो ऐकेनासे होतात.

‘हलका पाऊस’ या शब्दाचेही तसेच. हवामानशास्त्रात २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पावसास हलका म्हणतात. हे मोजमाप पावसाचे आहे, पिकाचे नव्हे. पेरलेल्या शेतास दहा मिलिमीटर पाऊस किरकोळ होय. पण शेडवरील बेदाण्यास, पसरलेल्या हळदीस वा उपटलेल्या हरभऱ्यास तोच जड जातो. पक्व द्राक्षांचे मणीही अशा पावसाने तडकतात. सबब, ‘हलकाच आहे’ म्हणून निर्धास्त राहणे सुगीच्या दिवसांत घातक ठरते.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. ‘चार वेळा झाकले आणि पाऊस आलाच नाही, मग कशास झाकावे?’ असे पुष्कळजण विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांत द्यावयास हवे. समजा, खळ्यावर ४०,००० रुपयांचा माल आहे आणि एक वेळ झाकण्या-उघडण्यास मजुरीसह ५०० रुपये लागतात. पाच वेळा इशारा मिळाला, त्यांपैकी चार वेळा तो फोल गेला, तरी एकूण खर्च २,५०० रुपये होतो. पाचव्या वेळी आलेल्या पावसाने मालाचा चौथा हिस्सा जरी बिघडला असता, तरी १०,००० रुपयांचे नुकसान झाले असते. अर्थात जेथे उपाय स्वस्त आणि नुकसान मोठे, तेथे कमी खात्रीच्या अंदाजावरही हालचाल करावी. याउलट द्राक्षे घाईने उतरवून पडत्या भावात विकणे, हा उपाय महाग आहे. तेथे अंदाज पक्का होईपर्यंत थांबणेच शहाणपणाचे. एकच अंदाज दोन शेतकऱ्यांस दोन निरनिराळे निर्णय सांगतो, याचे मर्म येथे आहे.

तेव्हा निर्णय आभाळ भरून आल्यावर नव्हे, तर हंगामाच्या आरंभीच ठरवून ठेवावा. पाच दिवसांच्या अंदाजात पाऊस दिसला की पक्व गहू-हरभऱ्याची कापणी आधी उरकावी, नवी कापणी पसरू नये, पाणी देणे व फवारणी पुढे ढकलावी, मजूर व मळणीयंत्र यांची बोलणी करून ठेवावी. नारिंगी इशारा म्हणजे सज्ज राहण्याची सूचना. त्या दिवशी दुपारपूर्वी माल गोळा करून उंच जागी झाकलेला असावा. लाल इशारा म्हणजे तत्काळ कृती. आणि तीन तासांपुरता तातडीचा इशारा आला की मालाकडे न धावता माणसे व जनावरे सुरक्षित करावीत. विजा चमकत असता झाडाखाली आसरा घेऊ नये, तेथे बैलही बांधू नयेत. ढीग भिजला तर वाळविता येतो. गेलेला जीव परत येत नाही.

जुन्या जाणत्यांची निरीक्षणे टाकाऊ मानण्याचे कारण नाही. सकाळपासूनचा उकाडा, वाऱ्याचे अवचित पालटणे, दुपारी कापसाच्या गंजीसारखे चढणारे ढग, या खुणा शेवटच्या काही घटकांसाठी खऱ्याच उपयोगी असतात. मात्र त्या चार दिवस आधी दिसत नाहीत. अंदाजाने तयारी करावी व खुणांनी सावध व्हावे. दोहोंत विरोध नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम येथेच सुरू होते. ‘पाऊस येणार आहे’ असे मोघम सांगणे म्हणजे विश्वास गमावणे होय. चावडीच्या फलकावर अंदाजाची तारीख, तो कोणत्या दिवसापर्यंतचा आहे, पाऊस किती ठिकाणी व किती, आणि गावातील प्रमुख पिकांसाठी एकेका ओळीत कृती, एवढे लिहावे. पुढे प्रत्यक्ष काय घडले तेही त्याच फलकावर नोंदवावे. अंदाज चुकला असेल तर चुकला असे लिहावे. त्याने विश्वास घटत नाही, वाढतोच.

तथापि सर्व भार शेतकऱ्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. ज्याच्याकडे ताडपत्री नाही, मजूर मिळत नाही आणि माल ठेवण्यास छप्पर नाही, त्यास अचूक अंदाजही केवळ चिंता देतो. म्हणून गावाने सामाईक ताडपत्र्या बाळगाव्यात, सहकारी सोसायटीचे गोदाम वा समाजमंदिर या दिवसांत अडल्यानडल्यास मोकळे ठेवावे, आणि वृद्ध वा एकट्या शेतकऱ्याच्या खळ्यावर प्रथम कोण जाईल हे आधीच ठरवावे. शासनाने अंदाज गावोगाव पोहोचविण्यावर जेवढा भर दिला, तेवढाच या साध्या साधनांवर द्यावयास हवा.

पाऊस थांबविणे कोणाच्याही हाती नाही. पण तो येण्यापूर्वीचे चार दिवस आता शेतकऱ्याच्या हाती आले आहेत. ते चर्चेत घालवावयाचे की कामात, हे ज्या त्या गावाने होळीपूर्वीच बसून ठरवावे.