अलंकार ही कोणाची मिरासदारी नव्हे!

मराठीच्या तासाला फळ्यावर 'अलंकार' हा शब्द उमटला की वस्तीतल्या पोराच्या पोटात गोळा येतो. उपमेय, उपमान, उत्प्रेक्षा, अपन्हुती ही नावे पाठ करायची, परीक्षेत दोन गुण मिळवायचे आणि विसरून जायचे. तोच पोरगा शाळा सुटल्यावर मोबाईलवर रॅप लावतो आणि लांबच लांब गाणे एका दमात म्हणून दाखवतो. एक शब्द चुकत नाही, एक यमक निसटत नाही. तरीही मास्तरांचा निष्कर्ष ठरलेला असतो, या पोरांना कवितेची गोडीच नाही! हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. त्या पोराला कविता समजते, अलंकारही समजतात. फक्त त्याच्या तोंडी जे आहे त्याला कविता म्हणतात, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

म्हणूनच शाळेतले अलंकार रॅपच्या ओळी घेऊन शिकवावेत, अशी आमची मागणी आहे. ही मागणी पोरांच्या करमणुकीसाठी नाही. ज्ञानाभोवती कुंपण कोणी घातले आणि ते कसे काढायचे, या जुन्या प्रश्नाशी तिचा संबंध आहे.

इतिहास आठवून पाहावा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. अलंकारशास्त्राची सारी परिभाषा त्याच संस्कृतातून मराठीत आली आहे. नवव्या शतकातला आनंदवर्धनाचा 'ध्वन्यालोक' असो की नंतरचा मम्मटाचा 'काव्यप्रकाश' असो, या ग्रंथांत शब्दाच्या शक्तीचा फार बारकाईने विचार झाला आहे. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा, सरळ अर्थ जुळेना तेव्हा घ्यावा लागणारा दुसरा अर्थ ती लक्षणा, आणि न बोलता सुचवलेला अर्थ ती व्यंजना. हे शास्त्र टाकाऊ नाही. पण ते शिकण्याचा अधिकार जन्मावर ठरवला गेला, हा अन्याय होता.

मात्र शास्त्र नाकारले गेले म्हणून कला थांबली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. सांगलीला 'नाट्यपंढरी' म्हणतात, कारण १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथे 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्याचा अभिमान जरूर असावा. परंतु याच जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील सावळजच्या उमा-बाबू या मातंग कलावंतांच्या नावाने तमाशातल्या वगाची सुरुवात सांगितली जाते, हे किती शाळांत शिकवले जाते? याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. ज्या कलेला पांढरपेशा समाज हलकी म्हणत होता, तिच्याकडे एक कुलकर्णी शिकायला आला. मग गुरू कोण आणि शिष्य कोण?

आणि वाटेगाव! १ ऑगस्ट १९२० रोजी तेथे अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यांची शाळा अवघी दीड दिवसाची. त्यांची 'माझी मैना' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. वरवर पाहता ती गावी राहिलेल्या बायकोच्या विरहाची, पण ऐकणाऱ्याला कळत होते की दुरावलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख. पुस्तकी भाषेत याला रूपक म्हणतात, व्यंजना म्हणतात. मैदानात बसलेल्या गिरणी कामगाराला ही नावे ठाऊक नव्हती, अर्थ मात्र पुरता ठाऊक होता.

आता रॅपकडे येऊ. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका मेजवानीत झाला, असे मानले जाते. डीजे कूल हर्क हा जमैकाहून आलेल्या कुटुंबातला काळा तरुण तेथे तबकड्या वाजवत होता. गरीब, काळ्या वस्तीतून हा सूर निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ साली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव डोळ्यांपुढे ठेवून मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. म्हणजे ओळख जुनी आहे. २०१८ साली केंड्रिक लमार या काळ्या रॅपरला संगीताचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. तोपर्यंत हा पुरस्कार अभिजात संगीत आणि जॅझ यांच्या बाहेर कधी गेला नव्हता.

आपल्याकडे 'गली बॉय' चित्रपटाने २०१९ मध्ये रॅप घराघरांत नेले. त्याच वर्षी मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेच्या जंगलावरचे 'द वारली रिव्हॉल्ट' हे गाणे आणले. अमरावतीचा विपिन तातड जातीवर रॅप करतो. महादेव कोळी समाजातली माही जी जंगल आणि आदिवासींवर रॅप करते. आणि ज्यांना रॅपमधली शाब्दिक जुगलबंदी नवी वाटते, त्यांनी कलगी-तुऱ्याचा फड आठवावा. एका शाहिराने भेदिक सवाल टाकायचा, दुसऱ्याने तेथल्या तेथे जवाब द्यायचा, जमले नाही तर फड हरायचा. ब्राँक्सचे नावही ऐकले नव्हते तेव्हापासून आपल्या जत्रांत हे चालत आले आहे.

मग वर्गात हे कसे शिकवायचे? काही नमुने देतो. ओळी याच लेखासाठी जुळवल्या आहेत, त्यांत कवित्व शोधू नये.

'पाटाचं पाणी पळालं पुढाऱ्याच्या पट्टीत, वाट बघत वाळला वाफा आमच्या वस्तीत.' पहिल्या ओळीत 'प' पुन्हा पुन्हा येतो, दुसरीत 'व' येतो. हा अनुप्रास. 'पट्टीत' आणि 'वस्तीत' हे यमक. जत-आटपाडीच्या पोराला ही ओळ समजावून सांगावी लागणार नाही. पाणी कोठे गेले हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

'दुखणं जुनं आमचं, त्यावर एकच उतारा, नावावर आमच्या करा जमिनीचा सातबारा.' येथे 'उतारा' म्हणजे दुखण्यावरचा इलाज आणि उतारा म्हणजे तलाठ्याकडचा कागदही. एका शब्दाचे दोन अर्थ, हा श्लेष. आमच्या वकिलीत अशा शब्दांवर खटले उभे राहतात आणि पडतात. दस्तातल्या एका शब्दाचे दोन अर्थ निघतात आणि अडाणी माणसाची जमीन जाते. म्हणजे श्लेष ओळखणे हे दोन गुणांपुरते काम नाही.

'फाईल झोपली कपाटात, शिक्का घोरतो शेजारी, निराधार म्हातारी उभी रोज त्याच दारी.' निर्जीव फाईल झोपते आणि शिक्का घोरतो, म्हणून ही चेतनगुणोक्ती. 'हा रस्ता कुठला, ही तर खड्ड्यांची माळ' म्हणजे अपन्हुती, कारण रस्त्याला रस्ता म्हणणेच नाकारले. आणि 'धन्य तुमची नजर साहेब, धन्य तुमची माया, पाच वर्षांनी आलात आमची गल्ली बघाया' ही व्याजस्तुती. वरून स्तुती, आतून चपराक. ज्या मुलाला व्याजस्तुती कळली, त्याला निवडणुकीच्या सभेतले भाषणही कळू लागते. कोण आपली खरी स्तुती करतो आणि कोण स्तुतीच्या आडून फसवतो, हे तो ओळखतो.

छंदाचेही तेच आहे. रॅपच्या एका मापात चार ठोके असतात आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग पडतात, म्हणजे एकूण सोळा. आपल्या पादाकुलक जातीच्या एका चरणातही आठ-आठ मिळून सोळाच मात्रा असतात. 'रस्ता नाही, पाणी नाही, मते मागता लाजच नाही' या दोन चरणांच्या मात्रा मोजून पाहाव्यात. प्रत्येकी बरोबर सोळा भरतात आणि ठेक्यावर ठाकठीक बसतात. जो मुलगा बाकावर बोटांनी ठेका धरतो, त्याला लघु-गुरू शिकवायला वेगळा तास कशाला हवा?

या शिक्षणाची गरज फक्त वर्गापुरती नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुण रॅपरांवर राजकारण्यांवर टीका करणाऱ्या गाण्यांसाठी पोलिसांनी गुन्हे नोंदवले. मुंगासे यांच्या गाण्यातला 'खोके' हा शब्द घ्या. खोके म्हणजे डबा, ही अभिधा. खोके म्हणजे कोटी रुपये, हा रूढीने आलेला दुसरा अर्थ. तो उभ्या महाराष्ट्राला कळतो. विनोद असा की पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असते. भरतीसाठी रूपक पाठ केलेला उमेदवार वर्दी अंगावर आल्यावर रूपक विसरतो काय? 'माझा शब्द म्हणजे कुऱ्हाड' असे एखादा कवी म्हणाला, तर त्याच्या घरी कुऱ्हाड शोधायला जायचे नसते!

खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर गुजरातमध्ये एका कवितेवरून गुन्हा दाखल झाला होता. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. न्यायालयाने कविता वाचली, तिचा अर्थ लावला आणि अन्यायाला प्रेमाने तोंड देण्याचे आवाहन तीत आहे, असे दाखवले. शब्दांचा परिणाम कमकुवत, डळमळीत मनाच्या माणसावरून नव्हे, तर समंजस आणि खंबीर माणसावरून जोखायचा, असेही सांगितले. तीन वर्षे वा त्याहून अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना आधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये आहे. भाषण आणि लेखनाच्या अशा प्रकरणांत ती वापरणे योग्य ठरते, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२२ मध्ये कायदा करून रॅपच्या ओळी आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यावर निर्बंध घातले. संविधानाच्या कलम १९ ने दिलेले स्वातंत्र्य टिकवायचे असेल, तर कविता वाचता येणारे पोलीस, वकील, न्यायाधीश आणि नागरिक लागतात. ते शाळेतच घडणार.

आता आक्षेप. रॅप म्हणजे शिवीगाळ, असे काही शिक्षक म्हणतात. बराचसा रॅप तसा आहे, हे खरे. गाड्या, सोनसाखळ्या आणि बाईला वस्तू समजणारी भाषा यांची नक्कल आपलीही पोरे करतात. ती आम्हाला मान्य नाही. परंतु चांगले-वाईट निवडायला शिकवणे हेच शिक्षकाचे काम असते. कादंबऱ्याही वाईट निघतात, म्हणून कादंबरी शाळेबाहेर काढत नाहीत. रॅप परदेशी आहे, असा दुसरा आक्षेप. गझल फारसीतून आली, सुनीत इंग्रजीतून आले. दोन्हींना मराठीने आपले केले. शिवाय रॅपमध्ये कृष्णाकाठची बोली जशीच्या तशी चालते. 'अशुद्ध' म्हणून जिला वर्गात गप्प बसवले, तिला येथे बोलता येते.

तिसरी गोष्ट आपल्याच घरातली आहे आणि ती स्पष्ट बोलली पाहिजे. आजच्या सांगली जिल्ह्यातले अनेक तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. या मुलखाने सत्यशोधक जलसे पाहिले. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. मोठेपणी अक्षरे शिकलेल्या वामनदादा कर्डकांनी गावोगाव गाणी पोहोचवली. जात्यावर दळणाऱ्या बायांनी बाबासाहेबांवर ओव्या रचल्या. आणि आज आपल्या जयंतीत काय ऐकू येते? भिंती हादरवणारा डीजे! त्यात शब्दच ऐकू येत नाही, मग अलंकार कोठून ऐकू येणार? ज्या चळवळीने शब्दावर माणूस उभा केला, तिने शब्द असा आवाजाखाली बुडू द्यावा काय?

म्हणून सांगलीतील शिक्षक, पालक आणि विहारांच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. विहारात, समाजकल्याण वसतिगृहात, महापालिकेच्या शाळेत दहा रविवार काढा. पहिले चार रविवार पोरांच्या आवडीचे रॅप ऐका आणि त्यांतले अलंकार त्यांनाच शोधू द्या. पुढचे चार रविवार जलसा, छक्कड आणि ओवी यांत तेच अलंकार दाखवा. शेवटचे दोन रविवार मुला-मुलींना स्वतःचे लिहू द्या, आपल्या गल्लीवर, आपल्या नळावर, आपल्या शाळेवर. मुलींना माईक आधी द्या. खर्च म्हणाल तर फळा, खडू आणि एक डफ. येत्या १४ एप्रिलला डीजेसाठी जमणाऱ्या वर्गणीतला थोडा हिस्साही त्याला पुरेल. आणि त्या दिवशी व्यासपीठावर पाहुण्यांच्या भाषणाआधी या पोरांना उभे करा. वाटेगावच्या मातीतली भाषा त्यांच्या तोंडी आहे. तिला व्याकरणातली नावे देण्याचे काम आपले आहे.