पावसाळी सहल कोणाची?

आषाढाच्या सरी सुरू झाल्या, की लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत सहलींचे बेत आखले जाऊ लागतात. शाळांच्या शिक्षकखोल्यांत, बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत मधल्या सुट्टीच्या गप्पांतून महाबळेश्वर, आंबोली, ठोसेघर, भंडारदरा ही नावे ऐकू येतात. ज्या लातूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ८०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही अनेकदा दगा देतो, तेथील माणसाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारे महाबळेश्वर एकदा तरी डोळे भरून पाहावेसे वाटले, तर त्यात नवल नाही.

चळवळीतील काही निष्ठावंत कार्यकर्ते अशा बेतांकडे नाक मुरडून पाहतात. दुष्काळी मुलखातील लोकांना धबधब्यांचे कौतुक कसले, असा त्यांचा सवाल असतो. त्यामागील तळमळ प्रामाणिक आहे. परंतु निष्कर्ष चुकीचा आहे. समाजवादाने श्रमिकाला केवळ भाकरीचे आश्वासन दिलेले नाही. विश्रांती, निसर्गाचा सहवास आणि आपला देश आपल्या डोळ्यांनी पाहण्याची संधी यांवरही त्याचा तितकाच हक्क आहे. सहलीला जावे की नाही, हा खरा प्रश्नच नव्हे. कोणाला जाता येते आणि गेलेला माणूस काय पाहून परततो, हे दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत.

सह्याद्रीवरील पाऊस आणि लातूरकर यांचे नाते २०१६ च्या उन्हाळ्यात सर्व देशाने पाहिले. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण आटले. पाणी भरण्याच्या ठिकाणी दंगे होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात जमावबंदीचे आदेश काढावे लागले. अखेर १२ एप्रिल रोजी मिरजेहून आलेली पहिली पाणीगाडी १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्थानकात उभी राहिली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार होती. म्हणजे त्या खेपेत माणशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी आले. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणाऱ्या कृष्णा आणि कोयना कराडला एकत्र येतात व तेच पाणी मिरजेवरून पुढे जाते. ज्या धबधब्यांपुढे उभे राहून छायाचित्रे काढली जातात, त्यांच्याच खोऱ्यातील पाणी लातूरच्या घागरींत आले होते, हे सहलीला निघणाऱ्याने विसरू नये.

हे पाणी ज्या लोहमार्गाने आले, तो मुळात बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी मार्ग. सार्वजनिक पैशांतून त्याचे रुंदीकरण झाले नसते, तर पाण्याच्या वाघिणी लातूरला पोहोचल्याच नसत्या. सार्वजनिक सेवा म्हणजे तोट्याचा धंदा, असे सांगणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा. त्याचबरोबर ज्या मांजरेच्या खोऱ्यात पिण्याचे पाणी संपले, त्याच खोऱ्यात उसाखालील क्षेत्र आणि साखर कारखाने वाढत गेले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पाऊस कमी पडणे हा निसर्गाचा भाग झाला. पडलेल्या पाण्याचे वाटप मात्र माणसे करतात.

उसाचा विषय निघाला, की मराठवाड्याचा दुसरा हंगामी प्रवास आठवल्यावाचून राहत नाही. दसरा-दिवाळी आटोपली की कंधार-मुखेड, अहमदपूर-जळकोट या भागांतील हजारो कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन सांगली, कोल्हापूर, सातारा आणि पलीकडे कर्नाटकाच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. पहाटेपासून तोडणी आणि मोळ्या बांधणे, अपरात्री गाडी भरणे, पाचटाच्या खोपीत निजणे, असे पाच-सहा महिने जातात. आजारपणामुळे एक दिवस जरी काम चुकले, तरी 'खाडा' लागतो आणि त्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. पावसाळ्यापूर्वी ही माणसे पेरणीसाठी गावी परततात. सह्याद्रीच्या सावलीत अर्धे वर्ष काढूनही तेथील पावसाळा त्यांनी पाहिलेला नसतो. तो पाहण्यासाठी त्यांच्यापाशी पैसा नाही. आणि त्याहूनही, त्यांच्यापाशी रजा नाही.

भरपगारी रजा कोणी मेहेरबानीने दिलेली नाही. १९३६ मध्ये फ्रान्समधील कामगारांनी कारखाने व्यापून संप केला, तेव्हा लेआँ ब्लूम यांच्या आघाडी सरकारने दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा केला आणि पाठोपाठ सवलतीची रेल्वे तिकिटेही दिली. त्या उन्हाळ्यात असंख्य कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे हमालालाही रजेच्या पगाराचा मार्ग मोकळा झाला. असंघटित कष्टकऱ्यालाही हक्क मिळवून देता येतो, हे त्या कायद्याने सिद्ध केले. तरीही ऊसतोड मजूर, शेतमजूर, वीटभट्टीवरील कामगार आणि घरकाम करणाऱ्या बाया यांच्या दृष्टीने सुट्टीचा अर्थ आजही बुडालेली मजुरी एवढाच आहे. जोवर हे बदलत नाही, तोवर पावसाळी सहल हे पगारदारांचेच सुख राहणार.

हे बदलण्याची सुरुवात कार्यकर्त्यांना घराजवळूनच करता येईल. धबधबा पाहण्यासाठी प्रत्येकाने सह्याद्रीच गाठला पाहिजे, असे नाही. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर पैनगंगेचा प्रवाह काळ्या कातळावरून अनेक धारांनी कोसळतो. तोच सहस्रकुंडाचा धबधबा. नांदेडहून मुदखेड, भोकर, हिमायतनगर या मार्गाने किनवट-आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानकही आहे. लातूरकरांना अहमदपूर-लोहा मार्गाने एस.टी.ने नांदेड गाठता येते. दुसऱ्या दिवशी किनवटवरून माहूरचा डोंगर, रेणुकेचे ठाणे आणि जुना गड पाहता येतो. एस.टी.त २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून विनामूल्य प्रवास आहे. चाळीस-पन्नास माणसे जमली, तर प्रासंगिक कराराने संपूर्ण गाडी घेता येते. वर्गणी ऐपतीप्रमाणे ठेवावी. पगारदाराने अधिक द्यावे आणि मजुराची बुडालेली मजुरी सामायिक निधीतून भरून काढावी. सोयाबीनची कोळपणी-खुरपणी उरकल्यानंतर आणि मूग-उडदाची काढणी सुरू होण्यापूर्वी जे मोजके दिवस मिळतात, तेच निवडावेत. अन्यथा शेतमजूर स्त्रिया येऊ शकणार नाहीत आणि सहल पुन्हा नेहमीच्याच मंडळींची होईल.

किनवट-माहूरचा मुलूख हा गोंड, कोलाम, आंध, परधान या आदिवासींचा मुलूख आहे. तेथे जाणाऱ्याने धबधबा पाहून माघारी फिरू नये. वाडीवर पिण्याचे पाणी कोठून येते, वनहक्काच्या दाव्यांचे काय झाले, पावसाळ्यात दवाखाना गाठायला किती वेळ लागतो, हे विचारावे. जेवण तेथील बायांच्या हातचे घ्यावे आणि त्याचा रास्त मोबदला द्यावा. सह्याद्रीत जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचे सौंदर्य वाखाणताना, त्याच्या पोटात गेलेल्या गावांतील विस्थापितांना पुनर्वसनाच्या हक्कांसाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले, हे ठाऊक असले पाहिजे. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी या वस्त्या पावसाळ्यातच दरडींखाली गाडल्या गेल्या. पाहुण्याला जो पाऊस रम्य वाटतो, त्याच पावसात डोंगरातील माणूस रात्र जागून काढतो.

बेत आखताना सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करणे हाही बेजबाबदारपणाच होय. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण प्रवाहात वाहून गेले. सहस्रकुंडाच्या वरच्या अंगाला इसापूरचे धरण आहे; त्याचे दरवाजे उघडले, की येथे पाऊस नसतानाही नदी चढते. म्हणून धरणाच्या विसर्गाची चौकशी करूनच निघावे, कातळावर उतरू नये, मुलांना काठापासून दूर ठेवावे आणि मद्यपानाला सहलीत थारा देऊ नये. धोक्याच्या जागी कठडे, पहारेकरी आणि सूचनाफलक हवेत, ही मागणी मात्र शासनाकडे नेटाने केली पाहिजे. अपघात झाला की जमावबंदीचा हुकूम काढून मोकळे होणे, याला व्यवस्था म्हणता येत नाही.

पावसाळ्याच्या दिवसांत पक्षाच्या व कामगार संघटनांच्या शाखांनी निदान एक तरी अशी सहल काढावी. तीत हमाल, शेतमजूर आणि उसाच्या फडावरून परतलेली कुटुंबे अग्रक्रमाने असावीत. परतल्यावर दोन मागण्यांसाठी सह्यांची मोहीम हाती घ्यावी: असंघटित कष्टकऱ्यांना भरपगारी रजा, आणि कोणत्याही पिकाआधी पिण्याच्या पाण्याचा अग्रक्रम. धबधब्याचा आनंद अवश्य लुटावा. आनंदाने माणसे जवळ येतात आणि जवळ आलेली माणसेच संघटित होतात. मात्र पुढच्या वर्षी गाडीत बसणाऱ्यांपैकी एकीलाही त्या दिवसाचा खाडा लागणार नाही, अशी परिस्थिती आणण्याचा निर्धार सहस्रकुंडाच्या काठावरच झाला पाहिजे.